सोफ्यासमोरचा एसी

एसी दुरुस्तीच्या रांगेत पुढचं जोडपं हुज्जत घालत होतं. मागे उभे असलेले मास्तर स्वतःची तक्रार विसरून ऐकत राहिले.

"दहा तारखेच्या आत दुरुस्त व्हायला हवा. वन्सं येतायत, मुलांना घेऊन."

"त्या गेल्यावर झाला तरी चालेल."

"अहो, तुमचीच बहीण ना?"

"म्हणूनच ओळखतो. गेल्या सुट्टीत चार दिवसांसाठी आली नि आपल्या खोलीतल्या गारव्यात महिनाभर राहिली. मी हॉलमध्ये सोफ्यावर, पाय बाहेर."

"बरं, फोन करून सांगते, एसी बंद आहे."

"सांग. चेहरा पाडून सांग."

बाईंनी फोन केला, बराच वेळ हूं हूं केलं.

"म्हणतायत, काळजी नको. त्यांचा जुना एसी गाडीतून घेऊन येतायत. कुठे बसवायचा, विचारतायत."

"सोफ्यासमोर म्हणावं."