दोन जागांची गाडी

मुराकोशी : ...आणि ती निळी तर बघूच नका. नवीकोरी झेड स्पोर्ट्स गाडी आहे, पन्नास लाख येनांच्या पुढे. नाकापेक्षा मोती जड. वर पेट्रोल पिते ते वेगळंच.

चिनात्सु : नुसतं बघायचे पैसे पडत नाहीत ना, काकू?

मुराकोशी : बघ की हवं तेवढं. बघून झालं की फडकं देते. काचेला नाक लावलंयस, तो डाग कोण पुसणार?

शोइचि : मुराकोशीसान, कामाचं बोलू या. बजेट बावीस लाख. हाताने चालवायचा दांडा बसवण्याचा खर्च त्यातच.

मुराकोशी : इनागाकीसान, गाडी कोण चालवणार?

शोइचि : ही.

मुराकोशी : मग हिला बोलू द्या. अकरा वर्षांपूर्वी आमचे हे होते तेव्हा तुम्ही ती लिफ्टवाली व्हॅन नेलीत, आठवतंय? ही पोरगी याच दारात चाकांच्या खुर्चीत बसली होती आणि एक अक्षर बोलली नव्हती. मी घरी जाऊन ह्यांना म्हटलंसुद्धा, गाडी बापाला विकलीत, पोरीला कुणी विचारलंच नाही.

चिनात्सु : तेव्हा कुणी विचारलं असतं तरी मी काही सांगितलं नसतं, काकू. पाय जाऊन चारच महिने झाले होते.

मुराकोशी : अपघात होता ना गं?

चिनात्सु : नाही. मणक्याला सूज आली. सोमवारी मुंग्या आल्या, गुरुवारी पाय गेले. कुणाची चूक नाही, काही नाही. बाबांना राग काढायलासुद्धा कुणी सापडलं नाही.

शोइचि : ते राहू दे. काम सांग.

चिनात्सु : मी अकॉर्डियन दुरुस्त करते. इतकी वर्षं शाळा वाद्यं आमच्या कारखान्यात पाठवायच्या. वाटेत आपटून ती जास्तच बिघडायची. आता आमचे साहेब म्हणतात, एप्रिलपासून तूच शाळांमध्ये जा. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होतील. दोन दिवस तर तेन्र्यूच्या डोंगरातल्या शाळा, सगळा वळणावळणाचा रस्ता.

मुराकोशी : आणि सोबत सामान?

चिनात्सु : हत्यारांची एक पेटी. कधी एखादं अकॉर्डियन परत आणावं लागेल.

मुराकोशी : आपल्या हमामात्सुत बर्फाची भीती नाही, वारा काय तो. म्हणजे बर्फात घसरणारी, मागच्या चाकांवर चालणारी गाडीही चालेल. बरं, हे बघ. ही पिवळी स्विफ्ट स्पोर्ट. बारा लाख. पाच दारं, मागे जागा, सीट उंच, खुर्चीतून सरकलीस की बसलीस. वळणावर अशी पळते की मोठमोठ्या गाड्यांनी बघत राहावं. कमी पैशांत गंमत हवी असेल तर हिच्यासारखी नाही.

शोइचि : ही चांगली आहे.

चिनात्सु : चांगलीच आहे, बाबा. अकरा वर्षं माझ्यासाठी सगळं चांगलंच घेतलंत तुम्ही. चांगली व्हॅन, चांगली गादी, चांगले बूट. ज्या पायांनी मी चालत नाही त्यांना चांगले बूट.

शोइचि : थंडी वाजू नये म्हणून घेतले होते.

चिनात्सु : माहीत आहे हो. पुढची, काकू?

मुराकोशी : ही छोटी लाल कोपेन. अकरा लाख. बटण दाबलं की छत आपोआप मागच्या डिकीत जाऊन बसतं. पण मग डिकीत तुझं अकॉर्डियन मावायचं नाही. एकटीने बाजारात जाऊन मुळे आणायचे तर हिच्याइतकी गोड गाडी नाही. डोंगरात रोज जायला मी देणार नाही.

चिनात्सु : नको म्हणणारी दुकानदार पहिल्यांदाच बघतेय.

मुराकोशी : विकून झाल्यावर तोंड लपवायची सवय नाही मला. आता ही पांढरी. टोयोटाची ८६, ऑटोमॅटिक, साडेसतरा लाख. दारं लांबलचक, त्यामुळे बसायला ऐसपैस जागा. मागची सीट नावालाच, माणूस बसला तर गुडघे कानाला लागतील. पण तुझी खुर्ची चाकं काढून तिथे जाईल. आणि शेजारची सीट...

शोइचि : शेजारची सीट मोकळी राहील.

मुराकोशी : हो. मोकळी राहील.

शोइचि : हीच घेऊ.

चिनात्सु : आणि ती राखाडी?

मुराकोशी : ती रोडस्टर. अठरा लाख, आठ वर्षांची, एकाच मास्तरांनी वापरलेली. ऑटोमॅटिक. छत कापडी. बसल्या जागी एक हात मागे टाकायचा की उघडतं, पुन्हा ओढलं की बंद. वजनाला हलकी, वळणाच्या रस्त्यासाठीच जन्माला आलेली. पण दोनच जागा. खुर्ची शेजारच्या सीटवर ठेवावी लागेल.

चिनात्सु : म्हणजे गाडीत मी आणि खुर्ची.

मुराकोशी : तू आणि खुर्ची. तिसऱ्याला जागा नाही.

शोइचि : सीट फार खाली आहे. जमिनीपासून वीतभर. विहिरीत उतरण्यासारखं आहे ते. उतरशील, वर कोण काढणार?

चिनात्सु : मीच. मी रोज रात्री जेवणानंतर जमिनीवरून खुर्चीत चढते. वीस वेळा. नोव्हेंबरपासून.

शोइचि : कधी? मी तर घरातच असतो.

चिनात्सु : खोलीचं दार लावून. आईला माहीत आहे. पहिल्या आठवड्यात पडायचे, तेव्हा ती टीव्हीचा आवाज मोठा करायची.

शोइचि : मला वाटलं, तिला ऐकू कमी येतंय.

चिनात्सु : काकू, या रोडस्टरमध्ये हाताचा दांडा बसेल ना? शिकवणीच्या गाडीत होता तसला. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. आणि स्टिअरिंगवर एक मूठ.

मुराकोशी : इनागाकीसान, तुम्ही सांगता की मी सांगू?

शोइचि : काय सांगायचंय?

मुराकोशी : असं बघा, माझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं ते दहा वर्षांनी पुन्हा येतं. खोटं बोलून ते नातं तोडायची माझी तयारी नाही. परवा तुम्ही माझ्याशी गोड बोललात, येताना संत्र्यांची पिशवी आणलीत. मी हो म्हटलं नव्हतं, नाही पण म्हटलं नव्हतं. ती माझी चूक.

चिनात्सु : परवा? परवा बाबा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते.

शोइचि : नव्हतो गेलो.

चिनात्सु : मग?

शोइचि : इथे आलो होतो. त्या राखाडी गाडीत दांडा बसत नाही असं तुला सांगा, असं म्हणालो यांना.

चिनात्सु : पण बसतो?

मुराकोशी : आरामात बसतो. बसवणारा माणूस इवाताला आहे, तीन आठवडे घेतो.

चिनात्सु : बाबा, चाळीस वर्षं लेथवर काम केलंत तुम्ही. केसाएवढा फरक पडला तर अख्खा माल परत पाठवायचात. आणि काकूंना मला खोटं माप सांगायला लावणार होतात?

शोइचि : हो.

चिनात्सु : का?

शोइचि : तू या राखाडी गाडीच्या जाहिरातीचा कागद फ्रिजवर लावलास ना, त्या दिवसापासून बघतोय मी. त्यात दोनच सीट आहेत.

चिनात्सु : म्हणून?

शोइचि : रोज सात-चाळीसला मी गाडी काढतो. थंडी असली तर पाच मिनिटं आधी, हीटर लावायला. पूल ओलांडेपर्यंत तू बोलत नाहीस. पुलानंतर बोलायला लागतेस. कारखान्यात कोण काय म्हणालं, कुठल्या शाळेने अकॉर्डियनमध्ये चिंगम चिकटवून पाठवलं. पंचवीस मिनिटं. संध्याकाळी परत पंचवीस. मी निवृत्त झालो तेव्हा सगळे म्हणाले, आता काय करशील? मी म्हटलं, मला काम आहे. घरी आल्यावर तू खोलीत जातेस. मी दोष देत नाही. चौतीस वर्षांच्या मुलीने बापाशी किती बोलायचं! पण गाडीत बोलतेस.

मुराकोशी : मी आत जाऊन चहा टाकते.

चिनात्सु : थांबा काकू. जाऊ नका. बाबा, मला राग आलाय.

शोइचि : येणारच.

चिनात्सु : तुम्ही आधी हे बोलला असतात तर कदाचित मी पांढरी घेतली असती. तुमच्यासाठी. आणि मग रोज त्या मोकळ्या सीटकडे बघून चिडले असते. म्हणजे खोटं बोललात तेच बरं झालं म्हणायचं.

शोइचि : बरं नाही झालं. चूक झाली माझी. यांच्यासमोर सांगतो.

चिनात्सु : काकू, त्या राखाडी गाडीचं दार उघडता का? छत पण. मला बसून बघायचंय.

मुराकोशी : हे घे. वाऱ्याने दार धाडकन येतं, मी धरून ठेवते. घाई करू नकोस.

चिनात्सु : खुर्चीला ब्रेक लावला. आता पाय आधी आत... हा एक. हा दुसरा. हात सीटवर आणि... अरे!

शोइचि : पडली!

मुराकोशी : इनागाकीसान, जागचे हलू नका. दाराच्या उंबरठ्यावर बसलीय फक्त.

चिनात्सु : बाबा, मागे व्हा. लागलं नाही. उंबरठा रुंद आहे हे लक्षातच नव्हतं. पुन्हा करते.

शोइचि : डावा हात आणखी आत टाक. सीटच्या पलीकडच्या कडेला.

चिनात्सु : बोलू नका, मोजतेय. एक, दोन... हं. बसले.

मुराकोशी : बसली की! चेहरा बघा कसा झालाय.

चिनात्सु : आभाळ किती मोठं दिसतं इथून. बरं, आता खुर्ची. चाकं निघाली. एक मागे, एक... इथे राहील. आता सांगाडा. डोक्यावरून पलीकडे... अडतोय. काचेला अडतोय.

मुराकोशी : तिरका कर.

चिनात्सु : केला. आता स्टिअरिंगला अडतोय. उचलून उचलून हात भरून आले. काकू, हे रोज कसं व्हायचं?

मुराकोशी : त्या पांढरीत तसं सोपं पडेल, हं. मी आपलं सांगून ठेवते.

चिनात्सु : हं.

शोइचि : उलटी धर.

चिनात्सु : काय?

शोइचि : पाय ठेवायची नळी आधी जाऊ दे, पाठ नंतर. तू जड बाजू पुढे ढकलतेस म्हणून तोल जातो. आणि शेजारची सीट शेवटपर्यंत मागे सार, पाठ आडवी कर. हात पोचतो का तिथे?

चिनात्सु : पोचतो. सारली.

शोइचि : आता तुझी सीटही दोन खाचा मागे. छातीपाशी जागा होईल. सांगाडा मांडीवर घे, मग वळव. उचलू नकोस, लोळव.

चिनात्सु : लोळव... लोळव... अरे, गेली! बाबा, गेली!

शोइचि : पाठीचा भाग सीटला टेकला का? हलव बघू.

चिनात्सु : हलत नाही. पट्टा लावते. घ्या, खुर्चीलाही पट्टा.

मुराकोशी : माणसापेक्षा शहाणी बसलीय.

शोइचि : उंबरठ्यावर टाकायला एक फळी करून देतो. घसरत सरकता येईल, आजच्यासारखं अधेमधे अडकणार नाहीस. लाकडाची नको, पावसात फुगते. नायलॉनची करतो. माझ्या जुन्या कारखान्यात तुकडे पडलेले असतात, ते लोक मला देतील. मुराकोशीसान, टेप आहे?

मुराकोशी : आहे ना. हा घ्या.

शोइचि : उंबरठा बाहेरून बेचाळीस सेंटिमीटर. आत जरा उतार आहे... तू उतरू नकोस, चिनात्सु. तू बसलेली असतानाच माप घ्यावं लागतं. वजनाने गाडी दबते.

चिनात्सु : बाबा.

शोइचि : हं?

चिनात्सु : रविवारी व्हॅनमधूनच जाऊ या आपण. गिओझा खायला. मी बोलेन.

शोइचि : पुलाआधीसुद्धा?

चिनात्सु : पुलाआधीसुद्धा. पण रविवारीच.

शोइचि : चालेल. मुराकोशीसान, कागद काढा. ही राखाडी.

मुराकोशी : तुम्ही सांगून उपयोग नाही. मालकीण कोण?

चिनात्सु : काढा काकू. राखाडी.

[साडेतीन आठवड्यांनी, त्याच आवारात. मार्चमधली सकाळ.]

मुराकोशी : कागद झाले, चावी दिली, टाकी भरून दिली. आता आणखी काय राहिलं?

शोइचि : टायरमधली हवा बघितली?

चिनात्सु : तीन वेळा, बाबा. तिसऱ्यांदा तर तुम्हीच बघितलीत.

शोइचि : सुरुवातीला दांडा हळू ओढायचा. ब्रेकला जोर लागला तरी घाबरायचं नाही. मागून कुणी भोंगा वाजवला तर वाजवू दे.

चिनात्सु : बरं. फळी सीटमागे ठेवलीय. छत उघडं ठेवू का?

मुराकोशी : गारठा आहे गं.

चिनात्सु : उघडंच ठेवते. बाबा, तुम्ही व्हॅन घेऊन मागून येणार?

शोइचि : नाही. मी इथे जरा थांबतो. यांच्या शटरला तेल घालायचंय, कुरकुरतंय.

मुराकोशी : माझं शटर? हो, हो. कधीचं कुरकुरतंय.

चिनात्सु : मग निघते.

शोइचि : नीघ.

मुराकोशी : ...काय सफाईने काढली हो! फाटकाला घासेल म्हणून मी डोळेच मिटले होते.

शोइचि : डाव्या बाजूला हातभर जागा सोडली तिने. जास्तच सोडली.

मुराकोशी : सिग्नलला थांबली. दिसतेय मला. तुमचं घर उजवीकडे ना?

शोइचि : उजवीकडे.

मुराकोशी : तिने डावा दिवा लावलाय. समुद्राच्या रस्त्याला वळली बघा. चुकली की काय? फोन लावू?

शोइचि : नको, नको. गाडी चालवताना फोन घेऊ नये माणसाने.