करबटसाहेबांचं न पडलेलं विरोधी मत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष पीयूषभाई. आजचे सत्कारमूर्ती, सलग दोन वेळा आपले खासदार राहिलेले तुकारामजी करबट साहेब. व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले आजी-माजी सभापती, सरपंच आणि नगरसेवक. तलासरीपासून वाणगावपर्यंतच्या गावांतून सवड काढून आलेले कार्यकर्ते बंधू-भगिनी. आणि पुढे खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले कैनाडच्या पाड्यावरचे चौघे, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी रामनाथ सावे. दहा वर्षं साहेबांचा स्वीय सहायक. भाषण करणं हे माझं काम नव्हे, भाषण लिहून देणं हे माझं काम. आज पहिल्यांदाच माझं लिहिलेलं मीच वाचतोय, त्यामुळे कुठे अडखळलो तर दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. पीयूषभाई, वर्षाला अर्धं मिनिट पडलं. तिकीट कापताना पक्षानं साहेबांना तेवढंही दिलं नव्हतं, म्हणून तक्रार करत नाही.

साहेबांविषयी चांगलं काय सांगू? इथे आधी पाच वक्ते बोलले, त्यांनी चांगलं सगळं सांगून टाकलं. वाणगावच्या बाजारात भाजीच्या टोपल्यांपाशी उकिडवं बसून तक्रारी ऐकणारा खासदार मी तरी दुसरा पाहिला नाही. दिल्लीच्या थंडीत पायांत चप्पलच. मोजे घाला म्हटलं तर म्हणायचे, "रामनाथ, मोजे घातले की पाय दुसऱ्याचे वाटतात." ह्या माणसानं कोणाकडून काही खाल्लं असं छातीठोकपणे सांगणारा इथे कोणी असेल तर त्यानं आत्ता उठावं. कोणी उठणार नाही, मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात दिशा नावाची एक कॉलेजातली मुलगी आमच्या कचेरीत आली. डहाणूचीच. तिला प्रकल्प लिहायचा होता. साहेबांची हजेरी किती, प्रश्न किती विचारले, सगळं तिनं वहीत उतरवलं. मग म्हणाली, "काका, साहेबांनी स्वतःच्या पक्षाच्या विरोधात किती वेळा मतदान केलं?" मला हसूच आलं. मी म्हटलं, "बाळा, लिही. शून्य." ती म्हणाली, "एकदाही वाटलं नाही त्यांना?" मी तिला पिशवीभर चिकू दिले आणि वाटेला लावलं. आमच्या डहाणूत उत्तर नसलं की आम्ही चिकू देतो.

पण तो प्रश्न काही वाटेला लागला नाही. म्हणून आज उभा आहे.

आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे की खासदार मत कसं देतो? पक्षाचा आदेश येतो, त्याला व्हिप म्हणतात. तो मोडून उलटं मत दिलं आणि पक्षानं पोटात घातलं नाही, तर खासदारकी जाते. म्हणजे लाखो लोकांनी निवडून द्यायचं आणि एका कागदानं घरी पाठवायचं. आमची रीत अशी होती की आदेश आला की मी एका चिठ्ठीवर रंग लिहायचो. हिरवा म्हणजे होय, लाल म्हणजे नाही. चिठ्ठी साहेबांच्या वरच्या खिशात. घंटा वाजली की साहेब खिशात हात घालायचे, चिठ्ठी बघायचे आणि बटण दाबायचे. दहा वर्षं कधी चूक झाली नाही. कामाचा माणूस म्हणून माझं केवढं कौतुक झालं त्यावरून!

दोन वर्षांपूर्वी एक विधेयक आलं. त्याचं लांबलचक नाव सांगून तुमचा वेळ घेत नाही. अर्थ एवढाच की प्रकल्पाला जमीन हवी असेल तर पाड्याच्या गावसभेची संमती घ्यायची गरज उरणार नव्हती. कैनाडच्या वरच्या अंगाचा जो पाडा आहे, तो अशाच एका प्रकल्पाच्या आखणीत बसत होता. त्या पाड्यावर सुकीमावशी राहायची. साहेब चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली, तेव्हा ह्या मावशीनंच त्यांना वाढवलं. आमच्या वाडीत ती चिकू उतरवायला यायची आणि हे उघडे-नागडे झाडाखाली बसलेले असायचे. मी तेव्हापासून दोघांना ओळखतो.

मावशीनं साहेबांना बोलावून घेतलं. निरोप घेऊन माणूस चालत डहाणूला आला होता. आम्ही गेलो. सगळा पाडा वाघदेवापाशी जमला होता. मावशी म्हणाली, "तुक्या, तू तिकडं काय बोलतंस ते आमाना कळत नाय. पण ह्या वेळेला नाय म्हण. खुर्ची गेली तर जाऊ दे, ईठं भाकर हाय." आणि साहेबांनी वाघदेवाच्या दगडावर हात ठेवून सांगितलं, "नाय म्हणीन." त्या लोकांत एक गोष्ट आहे. वाघदेवावर हात ठेवून दिलेला शब्द जो मोडेल, त्याला पाड्यावर पाण्याचा तांब्या पुढे करत नाहीत. मारत नाहीत, बोलत नाहीत, फक्त पाणी देत नाहीत.

कोणीतरी त्याचं मोबाइलवर चित्रण केलं आणि ते वरपर्यंत गेलं. इथल्या कोणी पाठवलं ते मी बोलणार नाही, सत्काराचा प्रसंग आहे.

मतदानाच्या दिवशी सकाळी साहेब म्हणाले, "रामनाथ, आज चिठ्ठी नको." एवढंच. मोजे नसलेले पाय चपलेत घातले आणि गेले. मी मागे राहिलो आणि मला भीती वाटली. देशाची नाही, पक्षाचीही नाही, माझी. साहेब गेले की मी कोण? वाडीतले चिकू मोजणारा रामनाथ. दिल्लीतली खोली, दारावरची पाटी, फोन लावला की "बोला सावेसाहेब" म्हणणारे अधिकारी, हे सगळं एका लाल बटणाबरोबर जाणार होतं. मी मनाला असंही समजावलं की साहेब राहिले तर पाड्याचंच भलं होईल. भित्र्या माणसाला कारणं फार पटकन सुचतात.

मी चिठ्ठी लिहिली. तिच्यावर रंग लिहिला नाही. लिहिलं, "सुकीमावशीचा आत्ताच फोन आला होता. म्हणाली, शब्दातून मोकळं केलं, खासदारकी राहू दे." सभागृहात चिठ्ठ्या पोचवणारे कर्मचारी असतात. त्यांतल्या एकाच्या हाती ती आत पाठवली.

फोन आला नव्हता. मी खोटं लिहिलं होतं.

घंटा वाजली. साहेबांनी हिरवं बटण दाबलं. विधेयक शंभरावर मतांनी मंजूर झालं. म्हणजे साहेबांनी लाल दाबलं असतं तरी काही अडलं नसतं, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! एका मतानं जमीन वाचणार नव्हती. पण पाड्यानं जमीन वाचवायला कुठे सांगितलं होतं? त्यांनी फक्त नाही म्हणायला सांगितलं होतं.

पीयूषभाई, घड्याळ दाखवू नका, मला दिसतंय. साहेबांना निरोप देताय ना? मग हा पण निरोपाचाच भाग आहे.

पुढच्या आठवड्यात साहेब पाड्यावर गेले. मी बरोबर होतो. उन्हाचे दिवस. मावशी ओट्यावर बसली होती, तिनं वर पाहिलं नाही. कोणी पाणी आणलं नाही. साहेब अर्धा तास उभे राहिले. परत येताना गाडीत म्हणाले, "मोकळं केलं म्हणाली आणि आता तोंड फिरवते." मी खिडकीतून बाहेर बघत होतो. तेव्हा बोललो असतो तर चार शब्दांचं काम होतं. नाही बोललो. त्यानंतर मोजणीवाले आले, दगड रोवले, नोटिसा लागल्या. पाडा अर्धा रिकामा झालाय. उरलेला दिवाळीपर्यंत होईल.

गेल्या चैत्रात, विवळवेढ्याची जत्रा चालू असताना, मावशी गेली. साहेब धावत गेले. तिरडीला खांदा द्यायला पुढे झाले, तेव्हा पोरांनी त्यांचा हात बाजूला केला. शांतपणे, जसं एखाद्या परक्याला वाट सोडायला सांगतात तसं. ज्या बाईनं कडेवर घेऊन वाढवलं तिला खांदा देता आला नाही. मी दहा पावलांवर उभा होतो आणि तेव्हाही बोललो नाही. ह्याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, तुम्ही सांगायची गरज नाही.

आता पक्षानं तिकीट कापलं, कारण ते चित्रण वरच्यांच्या लक्षात होतं. दिल्लीचं घर सोडलं. डहाणूतलं भाड्याचं. साहेबांना पाड्यावर मावशीच्या घराशेजारी, जे काही महिने उरलेत तेवढे का होईना, राहायचं आहे. त्यांनी गावसभेला विचारलं. गावसभा नाही म्हणाली. हल्ली तिला फक्त एवढंच विचारतात, तेवढ्याला तरी तिनं नाही म्हटलं.

म्हणून आज सकाळी ह्या हॉलच्या दाराशी मी मावशीच्या नातीला गाठलं. संगिता, ती बघा, मागे पिवळी ओढणी घेऊन उभी आहे ती. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, बाई, दोष माझा आहे. माझ्या चिठ्ठीनं फसवलं तुझ्या मामाला. मला पाणी देऊ नका, पण त्याला घरात घ्या. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर माझ्या तोंडात मारेल, आणि मग काहीतरी सुटेल.

ती रडली नाही. म्हणाली, "भाऊ, कागद तुमचा. पन बोट कोनाचं?" मी म्हटलं, त्याला वाटलं मावशीचाच फोन आहे. तेव्हा ती म्हणाली, "आजीनं जन्मात फोन कानाला लावला नाय. मामानंच आनून दिला होता, तो कोनाड्यात पडला. तिला बोलायचं असलं का ती मानूस पाठवायची. मामाना ठाऊक नव्हतं?"

साहेब, दोन वर्षं मी असं समजून जगलो की मी तुम्हाला फसवलं. त्या पापाची मला सवय झाली होती. आज सकाळपासून तेही माझं एकट्याचं राहिलेलं नाही. घंटा वाजायच्या आधी ती चिठ्ठी तुम्ही दोनदा वाचलीत, असं तो कर्मचारी मला नंतर सांगत होता. दोनदा कशाला वाचलीत, साहेब? तुम्हाला ठाऊक होतं का?

इथे सांगू नका. मान वर करायचीही गरज नाही. टाळ्या वाजवायला जमलेल्या लोकांसमोर सांगण्यासारखं ते नाही. मागे भिंतीला टेकून जे उभे आहेत त्यांना सांगा. ते तुम्हाला परत घेतील असं मला वाटत नाही, आणि खोटी आशा लावायचं काम मी आता सोडलं आहे. दिशालाही कळवतो की आकडा शून्यच ठेव, बरोबर आहे.

हॉल दिल्याबद्दल नगरपालिकेचे, माइकवाल्यांचे, आणि माझं एवढं ऐकून घेतल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. नावं घेताना कोणाचं राहिलं असेल, कोणाचा मान कमी-जास्त झाला असेल, तर तेवढं मोठ्या मनानं पोटात घाला. बाकीच्याची माफी मी इथे मागत नाही. ती देऊ शकणारी बाई गेली, आणि तिला खांदा द्यायला आम्हा दोघांपैकी कोणीच नव्हतं.

धन्यवाद.