शनिवारचा जपानी खेळ

(शनिवार दुपार. मिनेसोटातल्या एका लायब्ररीची छोटी खोली. समोर टीव्हीवर गेम चालू.)

शैलजाकाकू : म्हणजे आपला क्लब आजच बंद?

ऋषी : हो ना काकू. फॉर्मवर तीन नावं लागतात, आपण दोघंच. पाचपर्यंत तिसरं मिळालं नाही, तर पुढच्या शनिवारपासून खोली विणकामवाल्यांना.

शैलजाकाकू : अरे, मी यायला लागले तेव्हा नऊ जण होते की! तो टायलर, ती निळ्या केसांची...

ऋषी : गेले सगळे. टायलर म्हणतो, हे जपानी गेम म्हणजे नुसती बडबड. आपण एक वार करायचा, मग राक्षसाची पाळी संपेपर्यंत उभं राहायचं. आता सगळ्यांना धडाधड गोळ्या घालायच्या असतात. कॉलेजात आम्ही यासाठी लेक्चर बुडवायचो यार; आज ऑफिसात नाव काढलं तर हसतात.

शैलजाकाकू : हसू देत. मला तर त्या राक्षसाचंच कौतुक वाटतं. पाळी नसली की मुकाट उभा राहतो. पुण्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगला असा एक नव्हता.

ऋषी : आणि तुम्ही औषधं का वापरत नाही? एकोणचाळीस बाटल्या पिशवीत, आणि आपला हीरो मेला!

शैलजाकाकू : अडीअडचणीला असू द्याव्यात.

ऋषी : मेला, काकू! याहून मोठी अडचण कुठली?

शैलजाकाकू : खरं सांगू? मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही.

ऋषी : काय? दीड वर्ष येताय तुम्ही!

शैलजाकाकू : तू ते इंग्रजी मराठीत करून सांगतोस ना, राजाचा आवाज वेगळा, चेटकिणीचा वेगळा, त्यासाठी येते. घरी केदार मीटिंगमध्ये, सूनबाई मीटिंगमध्ये. नात गोड आहे, पण 'हाय आजी, बाय आजी'. आठवड्यात दोन तास माझ्याशी मराठी बोलणारा तू एकटा. टायलरला बडबड नको होती, मला तीच हवी होती.

ऋषी : आधी का नाही सांगितलंत?

शैलजाकाकू : मग तू कीव करून वाचलं असतंस. आत्ता मजेत वाचतोस.

रुही : आजी...

शैलजाकाकू : अगं रुही, कधी आलीस? पाच मिनिटं थांब, राणीचा निरोप ऐकायचा राहिलाय. मग निघू.

रुही : आय नो. मी दारातच होते. ऋषीकाका, तो फॉर्म कुठेय?

शैलजाकाकू : तुला हे बोअर होतं ना?

रुही : टोटली. सो स्लो. पेन द्या.

ऋषी : दर शनिवारी बसावं लागेल हं.

रुही : मीच तर तिला ड्राइव्ह करते. दोन तास कारमध्ये फोन बघत असते. इथे बसेन.

ऋषी : मग राणीचा निरोप आज तूच वाच.

रुही : मराठीत? आय ॲम टेरिबल!

ऋषी : राणीला तरी कुठे येतंय?

रुही : ओके. राणी म्हणते... पूल तुटला. म्हणून बोटनी जा. आणि... नदीवर खूप थंडी आहे, तर... वेट, वेट... तर कोट घे.

ऋषी : पुढचं बटण दाबू?

शैलजाकाकू : थांब रे. ती बोलतेय ना.