पीएलसीला लावलेलं कुंकू

आईशप्पथ, यातलं अक्षरही खोटं नाही. म्हणजे, बहुतेक नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दहिसरच्या फरसाण कारखान्यातून मालकीण मॅडमचा फोन आला. पॅकिंग मशीन बंद. ते मशीन चालवणारा पीएलसीचा डबा माझ्या लग्नाच्याही आधीचा. स्क्रीनवर एकच ओळ: कम्युनिकेशन एरर. डबा स्क्रीनशी बोलायलाच तयार नाही.

"दोनला टेम्पो भरला नाही, तर तुमचं मेंटेनन्सचं काम आजपासून बंद," मॅडम म्हणाल्या.

बारा वाजलेले. मी केबल बदलली, सेटिंग तपासलं, लॅपटॉप जोडला. डबा ढिम्म! मॅडम दर पाच मिनिटांनी डोकावून जात होत्या.

"नारळ फोडू का रे?" ऑपरेटर सावंतकाकांनी विचारलं.

"काका, इथे माझं डोकं फुटायची वेळ आलीय!"

दीड वाजता वैतागून केबल पुन्हा काढली आणि पोर्टमध्ये टॉर्च मारला. आत पिनांवर हळदकुंकवाचा चिखल! दसऱ्याला मशीन पुसायला केबल काढलेली, आणि पूजेत काकांनी नेमकं त्या भोकालाच बोट टेकवलेलं.

टूथब्रशला स्पिरिट लावून पिना घासल्या. स्क्रीन चालू झाली, टेम्पोही भरला.

"कोणाचा हा गाढवपणा?" मॅडम कडाडल्या.

मी काकांकडे बघितलं. काकांनी मान खाली घालून सगळा ओरडा खाल्ला.

हे अगदी खरं. मी जुळवलं ते एवढंच, की बोट काकांचं होतं. ते नव्हतं. मॅडम दसऱ्याला नव्हत्या, म्हणून काकांनी पूजेचा मान मला दिला होता.