सासऱ्यांच्या घड्याळाचा पट्टा

...आता तुटायला त्या पट्ट्याला नेमकी तीच सकाळ मिळाली का हो? तुम्हाला सांगतो, घड्याळ माझं असतं तर खिशात टाकून निघालो असतो, पण ते सासऱ्यांचं. सुभेदार पंढरीनाथ. अख्खी फौजेतली नोकरी त्यांनी त्या घड्याळावर काढली आणि निवृत्त झाल्यावर मनगटावरून उतरवून मला दिलं. फोनवर माझी तब्येत नाही विचारत, घड्याळ चालतंय ना विचारतात! आणि तेच सासरे तासाभरात इथल्या चारबाग स्टेशनवर उतरणार होते...

निशातगंजच्या बाजारात एवढ्या सकाळी जिलबी मिळते, पट्टा नाही मिळत. सरला, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, बाबांना खरं सांगून टाका. तिला काय जातंय सांगायला? मी म्हटलं, पट्टाच तर आहे, करू घरी. रेल्वेत इंजिनीअर आहे मी, पूल बांधलेत!

आमच्या लेकीकडे, श्रुतीकडे, एनसीसी कॅम्पची नायलॉनची दोरी होती. माझ्याच मनगटावर घड्याळ धरून, मोबाईलवर बघत बघत ती विणायला लागली. मी जरा हललो की, "पापा, हिलो मत यार!" गाठीवर गाठ, गाठीवर गाठ, शेवटी टोकं मेणबत्तीवर वितळवून चिकटवली. झकास दिसत होतं. पट्टाच तर आहे!

ऑटोने महानगर मोहल्ला सोडला आणि बोटांना मुंग्या आल्या. काढायला गेलो तर निघेना. निघणार कुठून? बक्कलच नाही! पंज्यावरून सरकेना, दातांनी तुटेना, बोटं वांग्यासारखी... ऑटोवाला आरशात बघून म्हणतो, "भैया, अस्पताल ले चलूँ?" मी म्हटलं, नाही, स्टेशन. पट्टाच तर आहे.

फलाटावर सासरे उतरले. मी नमस्काराला वाकलो, तर त्यांनी हातच धरला. उलटसुलट करून बघितला. मग बॅगेतून आंबे कापायचा चाकू काढला, पातं अलगद दोरीखाली घातलं आणि एका झटक्यात हात मोकळा. रागावले नाहीत हो, तेच वाईट! घड्याळ रुमालाने पुसलं, स्वतःच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "चारुदत्तराव, तुम्ही नका त्रास घेऊ. वेळ मी सांगत जाईन."

आणि तुम्हाला सांगतो, सांगतात. उन्हाळाभर मुक्काम आहे त्यांचा, दर पंधरा मिनिटांनी सांगतात...