सखुबाईची काळी नाणी

कोमल : आमी हात लावणार न्हाई, रामकिशनशेठ. नाण्याची पुरचुंडी तुमीच सोडा. मागच्या बाजारी तुमीच बांधली, तुमच्याच गल्ल्यात राहिली.

रामकिशन : सोडतो ना! पण तुझ्या मावशीची नाणी खोटी ती खोटीच. दहाचं नाणं असं काळंकुट्ट असतं का कुठं?

सखुबाई : शेठ, तुमच्या दुकानासमोर कैऱ्या, चिंच, लोणचं इकून म्हातारी झाले मी. कधी कोणाला फसवलं?

रामकिशन : फसवलं असं म्या कवा म्हणलं?

सखुबाई : भरल्या बाजारात म्हणले. ‘बाईची नाणी घेऊ नका.’ तवापासून गोरेगावातलं माणूस माझ्या टोपल्याला वळसा घालून चालून राहिलं.

कोमल : सोडा, शेठ. लोकं थांबलेत.

(रामकिशन ओलसर फडक्याची गाठ सोडतो.)

रामकिशन : आं? हे काळं नाणं कोणाचं?

कोमल : तुमचंच. कडेला दाभणानं रेघ मारली होती ना?

रामकिशन : रेघ तर बराबर माझीच हाय. पण हे कोरं होतं! बँकेतून आणलेलं!

कोमल : अन् फडकं कशात भिजवलं होतं?

रामकिशन : मिठाच्या पाण्यात. तूच सांगितलं.

कोमल : मावशीचे हात दिवसभर लोणच्याच्या तसल्याच खाऱ्या पाण्यात असतात. नाण्यात तांबं असतं, शेठ. मीठ, घाम, ओल लागली की हवेनं ते काळवंडतं. कॉलेजात आमी हेच करून पाहिलं. इतक्या हातांतून फिरलेलं नाणं कोरं राहील कसं?

रामकिशन : मग हा काळेपणा जातच न्हाई?

सखुबाई : आणा इकडं. जरा चिंच लावते... हं. बघा आता.

रामकिशन : आयला! उजळलं की!

कोमल : आता त्या दिवशी बोलले तसंच बोला. तेवढ्याच आवाजात.

रामकिशन : आता? इथं?

कोमल : इथंच.

रामकिशन : ऐका हो! सखुबाईची नाणी खरी हायेत! माझी चूक झाली! बिनघोर घ्या, मी बी घेतो!

कोमल : मावशी! अख्खा बाजार टाळ्या वाजवून राहिला! बघ तरी वर!

सखुबाई : बघते गं... दिसू तर दे. डोळेच भरून आले.

रामकिशन : बाई... घरचं लोणचं कवाच संपलंय. लाजेनं मागितलं न्हाई. देता का पावशेर?

सखुबाई : डबा घेऊन या, शेठ. पिशवीत खार गळतो.