सातची आडवी रेघ

(पुलाखाली, परांचीवर. दुपार. देखभालीच्या अभियंता मॅडम आणि त्यांचा मुकादम.)

मॅडम: अकरा मिलिमीटर. पेन्सिलच्या शेवटच्या खुणेपासून तडा अकरा मिलिमीटर पुढे आलाय.

मुकादम: मागच्या आठवड्यात नऊ म्हणाला होतात.

मॅडम: नऊच होता.

मुकादम: मग तुमचा संगणकातला ज्योतिषी काय म्हणतो?

मॅडम: तेच. जड वाहनं थांबवा. पण त्याला साठ टक्केच खात्री आहे. फोटोतल्या पेन्सिलच्या रेघाही तो तडे म्हणून मोजतो. खुणा पुसून नवे फोटो द्या, म्हणतो.

मुकादम: तीन आठवडे म्हणतोय. तीनदा परांची हलवली, चारदा कोन बदलून फोटो काढले. फडकं मात्र कोरडंच.

मॅडम: खुणेशेजारच्या तारखेतल्या सातला ह्यांनी मधे आडवी रेघ दिलीय. तीसुद्धा त्याने तडा म्हणून धरली.

मुकादम: साहेबांची सवयच ती. मी विचारलं होतं, एवढं दाबून का लिहिता? म्हणाले, आपल्यामागे येणाऱ्याला अंधारात बोटानेही वाचता यावं.

मॅडम: येतं वाचता. रंगाच्या थरात खळगा लागतो.

मुकादम: या खुणेचा फोटो घरी लावा, वहिनी.

मॅडम: चौदा आहेत घरी. फोटोला खळगा नसतो. आणि कामावर वहिनी म्हणू नका.

मुकादम: मग कामावर मॅडमसारखं वागा. लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण माझी लेक रोज याच पुलावरून बसने कॉलेजला जाते. पलीकडे पोचले म्हणून तिचा फोन येईपर्यंत चहा तसाच निवतो.

मॅडम: कधीपासून?

मुकादम: तुम्ही पहिल्यांदा परांची हलवायला सांगितलीत, तेव्हापासून.

मॅडम: बोलला नाहीत.

मुकादम: साहेबांना जाऊन दोन वर्षं झाली. तुम्ही इथे येऊन त्या तारखेवर बोट ठेवून उभ्या राहता. काय बोलणार?

मॅडम: ते असते तर काय केलं असतं?

मुकादम: खूण केली असती, तारीख घातली असती आणि वर जाऊन रस्ता अडवला असता. तुम्ही तर साधी खूणही केली नाहीत.

मॅडम: केली असती, तर शेवटची तारीख माझी झाली असती.

मुकादम: ट्रक गेला बघा वरून. परांची केवढी हलली.

मॅडम: दुरुस्तीत वरून नवा थर बसेल. मग बोटालाही काही लागणार नाही.

मुकादम: नाही लागणार.

मॅडम: फडकं ओलं करा. नको, इकडे द्या. पुसते मी. तुम्ही वर जा आणि सांगा, बस आणि ट्रक आत्तापासून बंद.